पोहोचणं झालं

गेल्या ज्येष्ठातील एका रविवारी रात्री पावणेअकराच्या सुमारास माझ्या मोबाइलवर दोन शब्दांचा निरोप आला : ‘पोहोचणं झालं.’ सांगलीहून दुपारच्या एसटीने निघालेले माझ्या बहिणीचे लेकरू पुण्यात स्वारगेटला उतरून खोलीवर गेल्याची ती खूण होती. गेली कित्येक वर्षे हाच निरोप ‘पोहोचलो’ असा एका शब्दात येत असे आणि तो वाचून मी दिवा मालवत असे. त्या रात्रीही मी दिवा मालवला, पण झोप येईना. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती, पन्हळीतले पाणी अंगणातल्या बादलीत पडत होते आणि त्या आवाजाबरोबर ते दोन शब्द डोक्यात फिरत राहिले. निरोपात चूक काहीच नव्हती. व्याकरण शुद्ध होते, अर्थ स्पष्ट होता. तरीही घरच्यांना असे कोणी कळवत नाही. जेवण झालं, आंघोळ झाली असे आपण म्हणतो. पण पोहोचतो ते आपण स्वतः. त्या वाक्यातून पोहोचणारे माणूसच कोणीतरी हलकेच बाजूला काढून ठेवले होते.

पुढचे काही आठवडे मी फोनवर शब्दांपेक्षा क्रियापदे ऐकू लागले. ‘उशीर होईल.’ ‘मला भूक नव्हती.’ ‘काल ऑफिसला जाणं जमलं नाही.’ ‘निघायला हवं आता.’ एकाही वाक्यात ‘गेलो’, ‘आलो’, ‘बसलो’ नव्हते. मी आयुष्यभर विज्ञान शिकवले, भाषा नव्हे. त्यामुळे आपली मराठी माणसाला पावलोपावली स्वतःचे लिंग सांगायला लावते, हे इतक्या उशिरा माझ्या लक्षात आले. ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणताना बोलणारा कोण, हे कळत नाही, कारण तेथे क्रियापद भाकरीच्या मागे जाते. ‘मी आलो’ की ‘मी आले’, ‘मी दमतो’ की ‘मी दमते’ येथे मात्र सुटका नाही. या वाटांवर जेथे जेथे चौकी आहे, तेथे तेथे वळसा घालून जाण्याची कला त्या लेकराने कधीतरी एकट्याने शिकून घेतली होती, आणि ती इतकी सफाईदार होती की मला महिनोन्‌महिने पत्ता लागला नव्हता. फोन ठेवताना नेहमी एकच वाक्य येई : ‘येईन मी दिवाळीला.’

भविष्यकाळात मराठी कोणाचे लिंग विचारत नाही.

लिहिण्याआधी मी परवानगी घेतली. नाव बदलायचे ठरले आणि ‘किरण’ हे नाव निवडले गेले, कारण ते आमच्या शाळेच्या हजेरीपटावर मुलांच्याही यादीत असते आणि मुलींच्याही. ‘तुझ्याविषयी लिहिताना तो लिहू की ती?’ या माझ्या प्रश्नावर थोडा वेळ विचार करून उत्तर मिळाले, ‘लहानपणीचं तोच असू दे, मावशी. तेव्हा ते खरं होतं. आत्ताचं मला अजून माहीत नाही. तुला जमेल तसं लिही.’ म्हणून बालपणाविषयी मी ‘तो’ लिहिणार आहे आणि त्यानंतरचे लिहिताना किरणसारखाच वळसा घालणार आहे. त्यामुळे काही वाक्ये अवघडलेली वाटतील. ती तशीच राहू दिली आहेत.

लहानपणी किरण कृष्णेत पोहण्यात पटाईत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत इचलकरंजीहून माझ्याकडे आला की सकाळी सहा वाजताच घाटावर पळायचा आणि ओल्या चड्डीचे पाणी ओटीभर ठिबकवत परत यायचा. तेराव्या वर्षी त्याने घाटावर जाणे अचानक बंद केले. त्याला सर्दी होते, असे बहीण म्हणाली. मे महिन्याच्या उकाड्यात तो शर्टाच्या आत बनियन आणि त्याखाली आणखी एक घट्ट बनियन घालून बसायचा. दोरीवर वाळत घातलेली ती दोन बनियने पाहून मला शंका यायला हवी होती. उंची भराभर वाढत होती, हातपाय लांब, खांदे अरुंद; वर्गातल्या मुलांना मिशीची लव फुटली तरी याचे ओठ कोरेच. शाळेत त्याला काय म्हणून हाक मारत, ते मला पुष्कळ नंतर कळले. तो शब्द मी येथे लिहिणार नाही. 2015 मध्ये, सोळाव्या वर्षी, छातीच्या वाढीसाठी दाखवायला नेले असता एका डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवले, आणि तीन आठवड्यांनी एक पांढरे पाकीट आले. आत छायाचित्र होते : काड्यांसारख्या जोड्या ओळीने मांडलेल्या, आणि शेवटच्या कोपऱ्यात दोन लांब काड्यांशेजारी एक आखूड. खाली लिहिले होते ‘47, एक्सएक्सवाय’.

या स्थितीला क्लाइनफेल्टर म्हणतात, आणि ते नाव माझ्या परिचयाचे होते. बॉस्टनच्या रुग्णालयात 1942 मध्ये हॅरी क्लाइनफेल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे नऊ पुरुष नोंदवले होते. त्या वेळी हा ग्रंथींचा विकार समजला गेला. माणसाची गुणसूत्रे 48 नसून 46 असतात, हेच मुळी 1956 मध्ये कळले, आणि एडिंबरामध्ये पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांना अशा पुरुषाच्या पेशीत जादा एक्स दिसला तो 1959 मध्ये. साधारणपणे पाचशे ते हजार मुलग्यांमागे एकाच्या शरीरात हा जादा एक्स असतो. म्हणजे सांगलीसारख्या शहरात अशी माणसे शेकड्यांनी असणार, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना ते कधीच कळत नाही. मूल होत नाही म्हणून तपासणी झाली तर कोणाला कळते, एवढेच. हे सारे मी बहिणीला त्याच पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून समजावले. माझा आवाज वर्गातला होता. तिला ते नको होते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत असूनही मी थांबले नाही. कारण माझ्याजवळ त्या क्षणी द्यायला दुसरे काहीच नव्हते.

एक्सएक्स म्हणजे मुलगी आणि एक्सवाय म्हणजे मुलगा हा तक्ता मी फळ्यावर किती वेळा काढला असेल, याची गणती नाही. तो मी नेहमी थोड्या आवेशानेच शिकवत असे. आमच्या भागात तिसरी मुलगी झाली म्हणून माहेरी पाठवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि मुलगा की मुलगी हे वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, आईचा त्यात काही दोष नसतो, हे वाक्य नववी-दहावीच्या मुलांच्या कानावर पडणे हेच त्या तक्त्याचे खरे काम आहे, अशी माझी श्रद्धा होती. ती आजही आहे. पण किरणचा अहवाल आला, तेव्हा माझ्या बहिणीच्या सासरी पहिला प्रश्न हाच आला की जादाचा एक्स आईकडूनच आला असणार ना? एक्स म्हणजे बाईचे, असा त्यांनी त्या तक्त्याचा अर्थ लावला होता. पेशी विभागताना एखादी जोडी वेळेवर सुटी होत नाही, एवढेच ते घडणे असते. जवळपास निम्म्या वेळा ते वडिलांच्या बाजूने घडते आणि निम्म्या वेळा आईच्या. मी ते सांगितले. कोणी ऐकले असे वाटले नाही. ज्या तक्त्याने मी आयांना सोडवत होते, त्याच तक्त्याने माझी धाकटी बहीण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मान खाली घालून उभी होती.

मग इंजेक्शने सुरू झाली. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तेलात विरघळवलेले असते. कधी तिळाच्या, कधी शेंगदाण्याच्या, कधी एरंडाच्या. काचेची छोटी कुपी, आत पिवळसर दाट द्रव. थंडीत तो आणखी घट्ट होतो, म्हणून बहीण सिस्टरकडे जायच्या आधी ती कुपी मुठीत धरून ऊब देत बसायची. जाड सुई, कमरेच्या खाली, आणि तेल आत शिरायला वेळ लागतो. दोन दिवस बसताना दुखते. दर एकवीस दिवसांनी एक. भिंतीवरच्या कालनिर्णयात, संकष्टी आणि एकादशी यांच्या मधल्या जागेत, बहीण पेन्सिलीने बारीक गोल काढून ठेवत असे. पाहुण्यांना तो दुधाचा हिशोब वाटायचा. पहिले इंजेक्शन दिले तेव्हा मी बरोबर होते. देणाऱ्याने कापूस चोळत किरणच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटले, ‘आता बघा, सहा महिन्यांत कसा गडी होतोय!’ आम्ही तिघेही हसलो. किरण हसला की नाही, हे मी पाहिले नाही.

तो निर्णय दहा मिनिटांत झाला होता. हाडांसाठी, स्नायूंसाठी, रक्तासाठी औषध आवश्यक आहे, असे आम्हाला सांगण्यात आले आणि ते खरेच होते. या माणसांच्या शरीरात स्वतःचे संप्रेरक बहुधा कमी पडते. ते वर्षानुवर्षे कमी राहिले तर हाडे विरळ होतात, थकवा जात नाही. पुढे कधी स्वतःचे मूल हवे असेल, तर वृषणाच्या ऊतीतून शुक्राणू शोधण्याचा प्रयत्न करता येतो आणि त्याविषयी उपचारांआधीच बोलायला हवे, हे मात्र कोणी सांगितले नाही. आणि सोळा वर्षांच्या, जमिनीकडे पाहत बसलेल्या त्या मुलाला ‘तुला काय वाटतं’ असे त्या खोलीतल्या एकाही मोठ्या माणसाने विचारले नाही. डॉक्टरांनी विचारले नाही, तशी मीही विचारले नाही. उलट घरी परतताना मीच त्याला समजावले की वाय गुणसूत्रावर एक जनुक असते, 1990 मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी ते शोधून काढले, त्याच्यामुळे वृषण तयार होतात, ते तुझ्याकडे आहे, म्हणजे तू मुलगाच आहेस, काळजी करू नकोस. त्याने मान हलवली. त्याची काळजी कोणती होती, हे मला ठाऊक नव्हते. मी माझ्याच काळजीचे उत्तर देऊन मोकळी झाले.

औषधाने गुण दिला नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. चेहऱ्यावरची पांढुरकी छटा गेली, चढ चढताना लागणारी धाप कमी झाली, बारावीचा अभ्यास जमू लागला. याच विषयाच्या निमित्ताने नाशिककडच्या एका गृहस्थांशी माझा फोनवर परिचय झाला. त्यांना हे निदान चौतिसाव्या वर्षी झाले आणि पहिल्या इंजेक्शनानंतरच्या आठवड्याविषयी ते बोलू लागले की आजही त्यांचा आवाज भरून येतो. आपण आळशी नाही, आपण नेभळट नाही, आपल्याला काहीतरी कमी पडत होते आणि ते मिळाले, हे त्यांना त्या आठवड्यात कळले. ते पुरुष आहेत, त्यांना त्याविषयी कधी शंका नव्हती, आणि या गुणसूत्रांची बहुतेक माणसे त्यांच्यासारखीच असतात. म्हणून मी सावधपणे लिहिते आहे. किरणची गोष्ट सांगताना त्यांच्या गोष्टीवर सावली पडू नये, असे मला मनापासून वाटते.

2017 मध्ये नववीचे नवे विज्ञानाचे पुस्तक आले आणि त्यातल्या आनुवंशिकतेच्या धड्यात टर्नर आणि क्लाइनफेल्टर हे दोन्ही शब्द छापलेले दिसले. गुणसूत्रांची संख्या, दोन-तीन ओळी, आणि अशा व्यक्ती प्रजननक्षम नसतात, हे विधान. मी तो धडा इतर धड्यांसारखाच शिकवला. फक्त क्लाइनफेल्टरचा परिच्छेद वाचताना आवाज जरा घाईचा झाला असेल. टर्नरच्या ओळी मी सावकाश वाचल्या. तास संपल्यावर पहिल्या बाकावरची, वर्गातली सर्वांत बुटकी मुलगी प्रयोगशाळेच्या दारापर्यंत माझ्या मागे आली आणि म्हणाली, ‘बाई, ते पंचेचाळीसवालं आहे ना, ते मी आहे.’ स्पिरिटच्या दिव्यांचा वास भरलेल्या त्या खोलीत मी तिला स्टुलावर बसवले. तिच्या शरीरात एक्स एकच होता. उंचीसाठी काही वर्षे ती रोज रात्री सुई टोचून घेत होती आणि त्या वर्षीपासून इस्ट्रोजेनची अगदी लहान मात्रा सुरू झाली होती. दर काही महिन्यांनी ती थोडी वाढवायची, कारण वयात येणे जसे हळूहळू होते तसेच ते व्हायला हवे, हे तिने मला एखादी रेसिपी सांगावी तशा उत्साहाने सांगितले. ‘आता मी पण मोठी होणार, बाई.’ ‘होणार’ म्हणताना तिने दोन्ही हात गालांवर ठेवले होते. इतके आनंदी माणूस मी त्या आठवड्यात दुसरे पाहिले नव्हते. पण तिने वर्गात, पन्नास मुलांमध्ये बसून, ‘प्रजननक्षम नसतात’ हे माझ्याच तोंडून ऐकले होते. त्यानंतर मी तो धडा कधीही ‘अशा व्यक्ती’ म्हणून शिकवला नाही. आपल्यापैकी काहींच्या शरीरात, असे म्हणू लागले. फार मोठा बदल नव्हे. पण वर्गात कोण बसले आहे हे आपल्याला ठाऊक नसते, एवढे तरी मला कळले होते.

तिच्या शरीरात जे नव्हते तेच तिला हवे होते आणि तेच तिला मिळाले. नाशिकच्या गृहस्थांचेही तसेच. किरणच्या बाबतीतही तसेच असेल, असे धरून आम्ही चाललो होतो.

2018 च्या मे महिन्यात बीड जिल्ह्यातल्या ललित साळवे यांच्या बातम्या सगळ्या वर्तमानपत्रांत होत्या. स्त्री म्हणून वाढलेल्या, स्त्री म्हणूनच पोलीस दलात भरती झालेल्या या शिपायाने शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली होती आणि बरीच झगडाझगडी झाल्यावर मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात ती झाली. तपासणीत वाय गुणसूत्र सापडल्याचेही बातम्यांत होते. आमच्या नात्यातल्या चार घरांतून बहिणीला फोन आले : बघ, तो पोलीस किती हिमतीचा, आणि तुझ्याकडे तर सगळं सोपं आहे. त्या माणसाचे कौतुक मलाही होते आणि आहे. पण आपल्या माणसांना ती गोष्ट चटकन समजली आणि आवडली, याचे एक कारण ती ‘गडी’ होण्याच्या दिशेने जात होती हे असावे, असे मला तेव्हा पहिल्यांदा वाटले. उलट दिशेने, किंवा मध्येच कोठेतरी थांबू पाहणाऱ्या माणसासाठी त्या चारांपैकी कोणाचाही फोन आला नसता.

ज्येष्ठातल्या त्या निरोपानंतर मी इचलकरंजीला गेले होते. चहा होईपर्यंत एका लग्नाची तिथी बघावी म्हणून कालनिर्णयाची पाने उलटली. चैत्रापर्यंत गोल होते, नंतर नव्हते. किरण पुण्याला राहू लागल्यापासून इंजेक्शन तिकडेच होई, पण तारीख बहीणच फोन करून सांगे आणि सांगितल्यावर गोल काढी. ‘नको सांगूस म्हणालं पोरगं,’ बहीण पातेल्यात पाहत म्हणाली. ‘पोरगा’ नव्हे, ‘पोरगं’. तिनेही वळसा शिकून घेतला होता, आणि आम्ही दोघी बहिणी एकमेकींना न सांगता तेच करत होतो.

आषाढात किरण सांगलीला आल्यावर मी गच्चीवर विषय काढला. पाऊस थांबून कपडे वाळत घालण्याइतके ऊन पडले होते. खालच्या घरातून मिरच्या परतल्याचा ठसका येत होता. मी ठरवून ठेवलेले सगळे बोलले : हाडे, रक्त, थकवा. माझा आवाज पुन्हा वर्गातला झाला असावा, कारण किरणने मध्येच थांबवून सांगितले, ‘मावशी, हे सगळं मला तुझ्याआधीपासून माहीत आहे.’ मग जे सांगितले, ते मी आठवेल तसे लिहिते. इंजेक्शननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगात एक उसळी येई. कातडी तेलकट होई, कारण नसताना राग येई, आरशातला जबडा आपला वाटत नसे. तिसऱ्या आठवड्यात ती ओसरे आणि त्या चार-पाच दिवसांत, थकवा असूनही, आपल्या घरी परत आल्यासारखे वाटे. दहा वर्षे महिन्यातले तेवढेच दिवस स्वतःचे. ‘आणि तेच दिवस संपवायला आई तारीख सांगायची,’ हे वाक्य मला अजून ऐकू येते. ‘मग तुला मुलगी व्हायचं आहे का?’ मी विचारले. विचारताना माझी छाती धडधडत होती, हे कबूल केले पाहिजे. किरणने वाळत घातलेल्या टॉवेलची घडी सरळ केली आणि सांगितले, ‘तसं मी कुठं म्हटलं? मला एवढंच कळतं की हे नको. काय हवं ते शोधायला मला कोणी जागाच दिली नाही.’

मी त्या संध्याकाळी फार घाबरले. समजूतदारपणा आणि भीती ही दोन्ही माणसात एकाच वेळी असतात. श्रावणात हाडांची तपासणी झाली आणि कण्याच्या हाडांची घनता वयाच्या मानाने कमी निघाली. तो कागद हातात धरून मला एकदा वाटले की आता तरी हे पोर ऐकेल. तो विचार मनात आला याची मला आजही लाज वाटते.

पण त्या कागदामुळेच आम्ही पुण्याच्या एका संप्रेरकतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी अहवाल वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि किरणकडे वळून विचारले, ‘तुम्हाला स्वतःच्या शरीराकडून काय हवंय?’ हा प्रश्न दहा वर्षांनी आला. उत्तर लगेच आले नाही आणि बाईंनी घाई केली नाही. मग त्यांनी जे समजावले, ते मी तीस वर्षे शिकवूनही मला ठाऊक नव्हते. शरीराला लैंगिक संप्रेरकाची गरज आहे, ही एक गोष्ट. ते कोणते आणि किती, ही दुसरी. हाडांना कोणते तरी एक पुरेशा प्रमाणात लागतेच, पण पुरुषाच्या हाडांतसुद्धा टेस्टोस्टेरॉनचे बरेचसे काम त्याचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर झाल्यावरच होते. 1994 मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी 28 वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनची खूणच कळत नव्हती. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, दाढीमिशा व्यवस्थित, उंची 204 सेंटिमीटर आणि अजून वाढतीच, कारण हाडांची टोके जुळलेली नव्हती. आणि हाडे मात्र विरळ. आम्ही ज्याला बायकांचे संप्रेरक म्हणतो, ते नसल्यामुळे. किरणने ते ऐकून मान वर केली. त्या खोलीत तोपर्यंत खाली असलेली मान.

बाईंनी वाटा सांगितल्या. अडीच-तीन महिन्यांनी घ्यायचे दुसरे इंजेक्शन, ज्यात चढउतार कमी असतो. रोज खांद्यावर लावायची जेल, जिची मात्रा कमी ठेवता येते आणि नको वाटली तर थांबवता येते. किंवा इस्ट्रोजेन, त्याचे फायदे, त्याचे धोके, छातीची वाढ, रक्त गोठण्याची शक्यता, हे सगळे मोकळेपणाने. शरीराला पूर्ण उपाशी ठेवणे तेवढे नको, आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी ती भूक भागत नाही, हेही त्यांनी स्पष्टच सांगितले. एका समुपदेशकाचे नाव दिले आणि म्हणाल्या की ठरवण्यासाठी नव्हे, बोलण्यासाठी जा. किरणने तूर्त जेल निवडली, अगदी कमी मात्रेची. ‘तूर्त’ या शब्दावर जोर होता. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, हे मी परतीच्या वाटेवर सांगू लागले, तेव्हा किरणने खिडकीबाहेर पाहत म्हटले, ‘ठरवण्याचा हक्क आहे, मावशी. पण सध्या मला न ठरवण्याचा हवा आहे.’

बहिणीला हे सारे अजून पेलत नाही. ती भांडत नाही, रडत नाही, फक्त देवापुढे बसण्याचा वेळ वाढला आहे. एकदा मला म्हणाली, ‘ताई, मला मुलगा झाला होता गं.’ ‘होता’ या शब्दाला मी काय उत्तर देणार? तिचे दुःख चुकीचे आहे, असे मी म्हणू शकत नाही. त्याच रात्री तिने किरणसाठी भरली वांगी केली आणि ताट वाढताना नेहमीसारखी ‘ये रे बाळा’ अशी हाक मारली, मग थबकून नुसतेच ‘ये बाळा’ म्हणाली. तो ‘रे’ गिळताना तिचा गळा हललेला मला दिसला.

आमची आई कागलजवळच्या खेड्यातली. कोल्हापूर भागातल्या जुन्या बायकांप्रमाणे ती आयुष्यभर स्वतःविषयी ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी दमलो’ असेच बोलली. मीही लहानपणी तशीच बोलत असे. पुण्याला कॉलेजात गेल्यावर वसतिगृहातल्या मुली हसल्या आणि पंधरा दिवसांत मी ‘आले, गेले’ शिकले. आईला ते कोणी शिकवले नाही. नऊवारी, कपाळभर कुंकू, आठ बाळंतपणे, आणि ‘मी जातो गं बाजारला’. तिच्या बाईपणाला त्यामुळे कधी धक्का लागल्याचे मला आठवत नाही. भाद्रपदात फोनवर बोलता बोलता मी हे सहज सांगितले. पलीकडे इतकी शांतता झाली की फोन तुटला की काय, असे वाटले. मग किरणने विचारले, ‘आजी खरंच तसं बोलायची? मला वाटायचं, ते माझ्या लहानपणच्या आठवणीतलं काहीतरी चुकतंय.’

दिवाळीला किरण आमच्याकडे चार दिवस राहून गेले, असे मी आदरार्थी लिहिले तर वाचताना नीट वाटेल, पण भाच्या लेकराला कोणी अहोजाहो करत नाही. तेव्हा चार दिवस किरणचा मुक्काम होता, असे लिहिते. पहाटे अभ्यंगस्नानानंतर उटण्याच्या वासात जेलचा स्पिरिटसारखा वास मिसळत असे. प्रयोगशाळेची आठवण करून देणारा. जेल वाळेपर्यंत कोणी खांद्याला हात लावायचा नाही, लहान मुलांनी तर मुळीच नाही, म्हणून दाराला कडी लावून पाच-दहा मिनिटे आत थांबणे असे. हात साबणाने धुऊन मग फराळाला. चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाण्याची लहानपणची सवय तशीच आहे. तिसऱ्या दिवशी मी न राहवून विचारले, बरे वाटते का. ‘उसळी नाही,’ एवढे सांगून किरणने आणखी थोडा चिवडा घेतला. हाडांची पुन्हा तपासणी पुढच्या वर्षी आहे.

निघण्याच्या दिवशी दुपारी रिक्षा दारात आली. मी डबा भरून दिला, लाडू वेगळे बांधले. किरणने पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधल्या, पिशवी खांद्याला लावली, आणि फाटकाशी गेल्यावर मागे वळून, थेट आमच्या आईसारखा शेवटचा स्वर लांबवत हाक दिली, ‘येतो गं, मावशी.’ जवळपास पाच महिने नुसती क्रियापदे ऐकत असलेल्या मला ते आजीचे ‘येतो’ होते की लहानपणीचे, हे कळले नाही.

‘ये,’ मी म्हटले.